ट्रू शूटिंगच्या पुढे: बास्केटबॉलपटूची नेमबाजी त्याच्या भूमिकेशी ताडून कशी मोजावी

२०१६-१७ च्या एनबीए हंगामात क्लिपर्सच्या डीआंद्रे जॉर्डनचं ट्रू शूटिंग (सगळ्या प्रकारचे प्रयत्न आणि त्यांचे गुण धरून काढलेली नेमबाजीची टक्केवारी) ६७.३ टक्के होतं आणि ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रूकचं ५५.४ टक्के. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वेस्टब्रूक. सामना बरोबरीत आहे, शेवटचे दहा सेकंद उरलेत, अशा वेळी डीआंद्रेच्या हाती चेंडू देऊन बाकीच्या चौघांना बाजूला उभं करणारा प्रशिक्षक सापडणार नाही. त्याचे फ्री थ्रोच (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेके) त्या हंगामात ४८.२ टक्के पडत होते.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या कामांचे आहेत. टी-ट्वेंटीत शेवटच्या तीन षटकांत येणाऱ्या फलंदाजाचा स्ट्राइक रेट आपण सलामीवीराच्या शेजारी मांडून निकाल देत नाही, तसंच हे. प्रत्येकाच्या कामाला साजेशी अपेक्षा आधी काढायची आणि मग खेळाडू तिच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहायचं. त्याची रीत पुढे दिली आहे. लागतं ते एवढंच: हंगामाचे एकूण आकडे (बास्केटबॉल रेफरन्सवर फुकट मिळतात), एनबीएच्या अधिकृत आकडेवारीतला ‘प्ले टाइप’ तक्ता (कोणत्या प्रकारच्या चालीतून शॉट आला ते सांगणारा) आणि एक स्प्रेडशीट.

आधी मूळ आकडा नीट काढा

फील्ड गोलची टक्केवारी या कामासाठी बाद समजा. तिच्या लेखी तीन गुणांचं बास्केट आणि दोन गुणांचं बास्केट सारखंच, आणि फ्री थ्रो तर तिच्यात येतच नाहीत. सुरुवात ट्रू शूटिंगपासून, म्हणजे टीएसपासून करा:

टीएस = गुण ÷ [२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)]

शॉट आणि फ्री थ्रो दोन्ही ‘प्रयत्न’ म्हणून घ्यायचे, पडलेले आणि हुकलेले धरून. साध्या कंसातल्या बेरजेला पुढे ‘खरे प्रयत्न’ म्हणू.

स्टीफन करीचा २०१५-१६ चा हंगाम घ्या. १५९८ शॉट, ४०० फ्री थ्रो, २३७५ गुण. ४०० ला ०.४४ ने गुणलं की १७६. खरे प्रयत्न १७७४, त्यांची दुप्पट ३५४८. २३७५ भागिले ३५४८ म्हणजे ६६.९ टक्के.

०.४४ का, ०.५ का नाही? दोन फ्री थ्रोंची फेरी म्हणजे एक पझेशन (चेंडू ताब्यात आल्यापासून संपेपर्यंतची एक खेळी), तेव्हा ०.५ यायला हवं होतं. पण बास्केट पडून वर मिळालेला एक फ्री थ्रो नवं पझेशन खर्च करत नाही, कारण तो शॉट आधीच मोजलेला असतो. टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या चुकीबद्दल मिळणारा) थ्रोही पझेशन खात नाही. थ्री-पॉइंटरवर फाउल झाला तर एका पझेशनमध्ये तीन थ्रो मिळतात. या सगळ्यामुळे लीगची सरासरी ०.४४ च्या आसपास येते. एकेका खेळाडूसाठी मात्र हा आकडा थोडा खोटा ठरू शकतो. संघाचे टेक्निकल थ्रो नेहमी एकच जण मारत असेल तर सूत्र त्याच्या माथी न केलेले प्रयत्न मारतं आणि त्याचं टीएस किंचित कमी दिसतं. फरक नेमका हवा असेल तर प्ले-बाय-प्ले नोंदीतून त्याच्या दोन आणि तीन थ्रोंच्या फेऱ्या मोजा आणि ०.४४ × फ्री थ्रोच्या जागी तो आकडा घाला. दोनच खेळाडूंची काट्याची तुलना असेल तर ही मेहनत करावी, अख्ख्या लीगच्या तक्त्यासाठी नाही.

नेहमी दिसणारी एक चूक: महिन्यामहिन्याचे टीएस घेऊन त्यांची सरासरी काढणं. तसं करू नका. गुण वेगळे मिळवा, खरे प्रयत्न वेगळे मिळवा आणि भागाकार शेवटी एकदाच करा. नाहीतर दुखापतीतून परतलेल्याच्या चार सामन्यांना आणि पंधरा सामन्यांच्या महिन्याला सारखंच वजन मिळतं.

त्या वर्षाची पातळी वजा करा

लीगचं सरासरी टीएस २०००-०१ मध्ये ५१.८ होतं, २०१५-१६ मध्ये ५४.१, २०१६-१७ मध्ये ५५.२, २०१८-१९ मध्ये ५६.० आणि २०२२-२३ मध्ये ५८.१. थ्री-पॉइंटर वाढले, लांबून मारलेले दोन गुणांचे शॉट आटले आणि पातळी चढत गेली. अ‍ॅलन आयव्हरसन २०००-०१ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा त्याचं टीएस ५१.८ होतं, म्हणजे लीगच्या सरासरीवर अगदी नेमकं. तोच आकडा २०२२-२३ मध्ये सरासरीच्या सहा टक्के खाली गेला असता.

वर्षांच्या तुलनेत फसगत कशी होते ते केव्हिन ड्युरंटवरून कळेल. २०१५-१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीत त्याचं टीएस ६३.४, पुढच्या वर्षी गोल्डन स्टेटमध्ये ६५.१. करी आणि क्ले थॉम्पसनसारखे जोडीदार मिळाले, काम हलकं झालं, म्हणून १.७ टक्के सुधारणा झाली, असं सांगितलं जातं. पण त्याच एका वर्षात लीगच १.१ ने वर गेली. ड्युरंटचा सरासरीवरचा फरक ९.३ वरून ९.९ झाला, एवढंच.

टक्क्यांऐवजी गुणांत मोजलं तर प्रमाण लवकर लक्षात येतं:

जादा गुण = प्रत्यक्ष गुण − (लीगचं टीएस × २ × खरे प्रयत्न)

करी २०१५-१६ मध्ये सुमारे ४५५ ने वर येतो. आता सुरुवातीची जोडी घ्या. डीआंद्रेचे गुण १०२९, खरे प्रयत्न ७६४, जादा गुण सुमारे १८५. वेस्टब्रूकचे गुण २५५८, खरे प्रयत्न २३१०.६, जादा गुण अवघे ७. बरेच जण इथेच थांबतात आणि डीआंद्रेला मोठा स्कोअरर ठरवून मोकळे होतात.

भूमिका: जागा नव्हे, काम

पॉइंट गार्ड, सेंटर हे शब्द विसरा. निकोला योकिच सेंटर आहे. २०२२-२३ मध्ये त्याचं टीएस ७०.१ होतं आणि यूसेज (संघाच्या पझेशनांतला त्याचा वाटा, व्याख्या पुढे आहे) २७ टक्क्यांच्या घरात. अर्धी आक्रमणं त्याच्या पासवर चालतात. फक्त उंच पास झेलून डंक करणाऱ्या सेंटरशी त्याची तुलना केली तर दोघांवरही अन्याय होतो.

भूमिकेसाठी तीन आकडे बघा. पहिला यूसेज, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघाची किती टक्के पझेशन त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने किंवा टर्नओव्हरने (चेंडू गमावून) संपली:

यूसेज = १०० × (खरे प्रयत्न + टर्नओव्हर) × (संघाची मिनिटं ÷ ५) ÷ [खेळाडूची मिनिटं × (संघाचे खरे प्रयत्न + संघाचे टर्नओव्हर)]

पाच जण खेळतात, म्हणून सरासरी आपोआप २० येते. तुमच्या तक्त्यात संघाची मिनिटांनुसार सरासरी २० आली नाही तर कुठेतरी मिनिटं चुकली आहेत. ही तपासणी फुकटची आहे, नक्की करा. वेस्टब्रूकचं त्या वर्षीचं यूसेज ४१.७ होतं, डीआंद्रेचं सुमारे १५.

यूसेजमध्ये पास येत नाहीत. म्हणून दुसरा आकडा: पडलेल्या बास्केटांपैकी किती असिस्टवर, म्हणजे साथीदाराच्या थेट पासवर, होते. दोन गुणांचे आणि तीन गुणांचे वेगळे पाहा, कारण चेंडू स्वतः घेऊन घुसणारा खेळाडूसुद्धा थ्री-पॉइंटर बहुधा दुसऱ्याच्या पासवर मारतो. दोन्ही एकत्र केले तर तो निम्मा परावलंबी वाटेल.

तिसरा आणि सर्वांत कामाचा आकडा म्हणजे प्ले टाइपचं प्रमाण. खेळाडूची पझेशन कशातून संपली: पिक-अँड-रोलमध्ये (साथीदार बचावपटूची वाट अडवतो आणि मग आत धावतो ती चाल) चेंडू हातात असताना, त्याच पिक-अँड-रोलमध्ये आत धावून, आयसोलेशनमधून (एकास एक), उभ्या जागी पास घेऊन मारलेल्या स्पॉट-अपमधून, पोस्ट-अपमधून (बास्केटजवळ पाठ करून), कटमधून (चेंडूशिवाय आत धावून), पुटबॅकमधून (हुकलेला चेंडू झेलून लगेच) की फास्ट ब्रेकमधून. एकाच प्रकारात ४० टक्क्यांहून जास्त असेल तर भूमिका ठरली. तसं नसेल तर दोन प्रकारांची जोडी लिहा. सात-आठ खणांत लीग बसवण्याचा हट्ट धरू नका, काही खेळाडू खणात बसतच नाहीत.

अपेक्षा काढणं

प्रत्येक प्रकारात लीगभर एका पझेशनमागे किती गुण निघतात ते त्याच तक्त्यात असतं. खेळाडूची पझेशन त्या-त्या सरासरीने गुणा, बेरीज घ्या आणि प्रत्यक्ष गुणांतून वजा करा. खालचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी गोल करून घेतलेत. तुमच्या हंगामाचे खरे आकडे तक्त्यातून उचला.

पहिला खेळाडू, चेंडू हाताळणारा, १००० पझेशन:
पिक-अँड-रोल, चेंडू हातात: ४५० × ०.९० = ४०५
आयसोलेशन: २०० × ०.९२ = १८४
स्पॉट-अप: १५० × १.०२ = १५३
फास्ट ब्रेक: १५० × १.१२ = १६८
इतर: ५० × १.०० = ५०
अपेक्षित गुण ९६०. प्रत्यक्ष १०१०. दर शंभर पझेशनांमागे ५ ने वर.

दुसरा खेळाडू, आत धावणारा, ५०० पझेशन:
पिक-अँड-रोलमधून आत: २०० × १.१२ = २२४
कट: १५० × १.३० = १९५
पुटबॅक: १०० × १.१० = ११०
फास्ट ब्रेक: ५० × १.१२ = ५६
अपेक्षित गुण ५८५. प्रत्यक्ष ५७५. दर शंभरामागे २ ने खाली.

नुसतं पाहिलं तर दुसरा १.१५ आणि पहिला १.०१. कामाच्या मापाने क्रम उलटा.

इथे एक सावधगिरी हवी. प्ले टाइपच्या पझेशनमध्ये टर्नओव्हर धरलेले असतात, टीएसमध्ये नसतात. एका खेळाडूचं टीएस आणि दुसऱ्याचं पझेशनमागचं गुण असं शेजारी मांडू नका, भागाकाराचा तळच वेगळा आहे. शिवाय पझेशन ज्याच्या हातून संपलं त्याच्याच नावावर पडतं. दोन बचावपटू अंगावर घेऊन, त्यातून आत धावणाऱ्याला पास देणाऱ्या गार्डच्या खात्यात त्या डंकचं काहीच येत नाही. आपण नेमबाजी मोजतो आहोत, अख्खं आक्रमण नव्हे, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा.

जास्त सवलत देऊ नका

भूमिकेचा हिशेब करताना उलट चूकही सहज होते. चांगला शॉट मिळवणं हेसुद्धा कौशल्य आहे. वेळ साधून रिमजवळ पोहोचणारा खेळाडू ‘सोपे शॉट मारतो’ म्हणून त्याची अपेक्षा वाढवली, तर त्याची अर्धी कर्तबगारी आपण हिशेबातून पुसून टाकतो. आणि शॉट क्लॉकवर (शॉट घेण्याची मुदत मोजणारं घड्याळ) १८ सेकंद शिल्लक असताना ड्रिबल करून लांबून दोन गुणांचा शॉट घेणाऱ्याला ‘अवघड शॉट मारतो’ म्हणून सवलत दिली, तर वाईट निवडीला बक्षीस मिळतं. असा शॉट ४० टक्के पडला तरी ०.८ गुण, तर ३६ टक्के पडणारा थ्री-पॉइंटर १.०८.

वेगळं करायचं ते हे: लादलेलं काय आणि निवडलेलं काय. त्यासाठी शॉट क्लॉकची विभागणी उपयोगी पडते. शेवटच्या चार सेकंदांतले शॉट बहुतेक वेळा लादलेले असतात. कुणीतरी मारायलाच हवं असतं, आणि ते ज्याच्या गळ्यात पडतात त्याची भूमिका जड. त्यांना सवलत द्या. लवकर घेतलेल्या शॉटना देऊ नका. म्हणून दोन्ही स्तंभ ठेवा, लीगशी फरक आणि भूमिकेशी फरक. एकच अंतिम आकडा काढून त्यावर यादी लावण्याचा मोह टाळा. डीआंद्रेचे १८५ जादा गुण खरे होते. ते मिळवण्यासाठी लागणारी वेळ साधण्याची हातोटी त्याचीच होती, आणि ते पास ख्रिस पॉलसारख्याकडून येत होते हेही तितकंच खरं.

यूसेजवर रेघ ओढण्याचा सापळा

स्प्रेडशीट उघडली की सगळ्यांना हे सुचतं: आडव्या अक्षावर यूसेज, उभ्यावर टीएस, मधून एक रेघ, आणि रेघेपासूनचा फरक म्हणजे भूमिकेनुसार कार्यक्षमता. रेघ बरीचशी सपाट येते. त्यावरून ‘जास्त शॉट घेतल्याने काही बिघडत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो चूक असतो. प्रशिक्षक जास्त शॉट चांगल्या स्कोअररलाच देतात. ३० टक्क्यांच्या वरच्या गटात निवडून आलेलेच लोक असतात, म्हणून त्या गटात सरासरीखाली येणारा खेळाडूही लीगमधल्या बहुतेकांपेक्षा चांगला स्कोअरर असू शकतो. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी वापर आणि कार्यक्षमतेचा जो संबंध मांडला तो एकाच खेळाडूबद्दल होता: त्याच माणसावर भार वाढवला तर त्याची कार्यक्षमता कशी उतरते.

म्हणून खेळाडू-खेळाडूंमध्ये रेघ ओढण्यापेक्षा एकाच खेळाडूचे सामने विभागा. संघाचा मुख्य चेंडूवाहक मैदानावर असताना आणि नसताना त्याचं यूसेज किती बदलतं, टीएस किती बदलतं, ते पाहा. मोठा साथीदार महिनाभर जखमी असेल तर ही तुलना आयती मिळते. संख्या लहान असते, पण प्रश्न बरोबर विचारलेला असतो.

किती शॉटनंतर विश्वास ठेवायचा

एका प्रयत्नातले गुण साधारण १.१५ इतक्या प्रमाण विचलनाने हलतात. थ्री-पॉइंटर जास्त मारणाऱ्याचे त्याहून जास्त. त्यावरून टीएसमधली नुसत्या नशिबाची हालचाल अशी येते: १०० प्रयत्नांवर सुमारे ५.८ टक्के, ३०० वर ३.३, १००० वर १.८. म्हणजे नाताळपर्यंतच्या तीनशे शॉटांवर दोन टक्क्यांचा फरक दाखवून कुणी वाद घालत असेल तर तो फरक हवेतलाच आहे.

उपाय सोपा आहे. खेळाडूच्या आकड्यात त्याच्या भूमिकेच्या सरासरीचे काही काल्पनिक प्रयत्न मिसळा. २५० पासून सुरुवात करायला हरकत नाही. कुणाचे १२० प्रयत्नांवर ६६ टक्के असतील आणि भूमिकेची सरासरी ५८ असेल, तर (१२० × ६६ + २५० × ५८) ÷ ३७० = ६०.६. हा आकडा कमी चमकदार वाटतो, पण पुढच्या महिन्याचा अंदाज त्यावरूनच बरा येतो.

२०२५-२६ पासूनची नोंद जुन्या वर्षांशी जोडताना आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या तीन क्वार्टरच्या अखेरीस, शेवटच्या तीन सेकंदांत किमान ३६ फुटांवरून फेकून हुकलेले शॉट, खेळ मागच्या अर्ध्या मैदानातून सुरू झाला असेल तर, आता खेळाडूच्या नव्हे, संघाच्या खात्यात जातात. फरक थोडाच, पण असे फेके मारायला न कचरणाऱ्यांच्या टीएसला तेवढा आधार मिळाला आहे. जी लीगचे (एनबीएच्या दुय्यम लीगचे) आकडे तर या सूत्रात घालूच नका. तिथे सामन्याच्या बऱ्याचशा भागात एकाच फ्री थ्रोला पूर्ण फेरीचे गुण मिळतात, आणि ०.४४ ला अर्थ उरत नाही.

आपल्या संघासाठी

जिल्हा, आंतरविद्यापीठ किंवा क्लबच्या सामन्यांत फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) गुणपत्रिका भरली जाते. तिच्यात हुकलेले शॉट नसतात. पडलेलं बास्केट कुणी मारलं ते धावत्या गुणांत कळतं, आणि फाउलच्या रकान्यात शेजारी लिहिलेल्या आकड्यावरून किती फ्री थ्रो मिळाले तेही कळतं. पण हुकलेले थ्रो कुणाचे होते आणि किती शॉट वाया गेले हे नाही. म्हणजे गुणपत्रिकेवरून टीएस निघणार नाही. वेगळी नोंद ठेवावीच लागते.

बाकावर दोघांना बसवा, एक बोलेल, एक लिहील. बघणारा आणि लिहिणारा एकच असला की हुकलेल्या शॉटनंतरचा रिबाउंड बघण्याच्या नादात नोंद सुटते, आणि सुटते ती नेहमी हुकलेल्याचीच, त्यामुळे सगळ्यांचे आकडे फुगतात. प्रत्येक पझेशनला चार खुणा पुरेत: जर्सी क्रमांक, जागा (पेंटमध्ये म्हणजे बास्केटजवळ, मध्यावर, तीनच्या बाहेर), निकाल (पडला, हुकला, फ्री थ्रोची फेरी, टर्नओव्हर) आणि शॉट कसा मिळाला. शेवटच्यासाठी दोनच प्रकार ठेवा. चेंडू मिळाल्यावर दोन ड्रिबलच्या आत शॉट असेल तर ‘दिलेला’, त्याहून जास्त असेल तर ‘स्वतः काढलेला’. यापेक्षा बारीक वर्गवारी दोघा नोंदणाऱ्यांत जुळत नाही. फ्री थ्रोच्या फेऱ्या थेट लिहिता येत असल्याने ०.४४ ची गरजच पडत नाही.

लीगची सरासरी इथे हाताशी नसते, म्हणून ‘दिलेल्या’ आणि ‘स्वतः काढलेल्या’ शॉटची आपल्याच संघाची सरासरी काढून तिच्याशी तुलना करा. दहा सामन्यांत एखाद्याचे शंभर प्रयत्न होतील. वर दिलेला ५.८ टक्क्यांचा झोल लक्षात ठेवा आणि या आकड्यावर संघनिवड करू नका. सरावात कुणाला कसले शॉट द्यायचे, यासाठी मात्र तो चालतो.

थ्री-ऑन-थ्रीला सूत्र बदला. तिथे आतलं बास्केट एक गुणाचं, बाहेरचं दोन गुणांचं, आणि आत शॉट घेताना फाउल झाला तर एकच थ्रो मिळतो. दोनने भागणं सोडा. गुण भागिले (शॉट + फ्री थ्रोच्या फेऱ्या) एवढंच काढा. फेऱ्या मोजताना बास्केट पडून वर मिळालेला थ्रो वगळा, त्याचा शॉट आधीच मोजलेला आहे.